दोन पेट्या

रविवारी सकाळी दारात चार मुलं उभी राहिली. मोठ्याच्या हातात पावतीपुस्तक, धाकट्या मुलीकडे कुलूप लावलेली पत्र्याची दानपेटी. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बालविभागासाठी वर्गणी काढलीय म्हणाली. कशासाठी, असं विचारलं. "काका, बाळांची काचेची पेटी घ्यायचीय."

पैसे मी देणारच होतो. तरी त्यांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "समजा पेटी आली, लावली, फोटोही निघाले. त्या रात्री दोन वाजता पेटीपाशी कोण असेल?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. चूक त्यांची नाही. वर्गणीला पाठवणाऱ्या मोठ्यांनी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवलाच नव्हता. म्हणून तो मोठ्यांपुढेच ठेवतो. गणेश मंडळ असो, कंपनीचा सीएसआर असो, नाहीतर कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असो. मुलांच्या वॉर्डाला काही द्यायचं ठरलं की पहिलं नाव निघतं पेटीचं. पेटी दिसते, पेटीवर नाव घालता येतं, पेटीला हार घालता येतो.

आता बहुतेक ठिकाणी ती पेटी नसतेच. वरून ऊब देणारा उघडा पाळणा असतो, त्याला वॉर्मर म्हणतात. पण "बाळ पेटीत ठेवलंय" म्हटलं की खेड्यातल्या आजीलाही सगळं कळतं, म्हणून आपणही पेटीच म्हणू. दिवस भरायच्या आत आलेल्या बाळाच्या अंगावर फारशी चरबी नसते, कातडी कागदासारखी पातळ असते, अंगातली ऊब झरझर निघून जाते. ती ऊब पेटी देते. किती द्यायची हे तिला कळतं बाळाच्या पोटावर चिकटवलेल्या एका वायरीवरून. या वायरीला प्रोब म्हणतात. प्रोब सुटला की यंत्राला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ते तापतच राहतं. म्हणून कुणीतरी सतत बघावं लागतं. प्रोब वरचेवर तुटतात. पेटीच्या मानानं किंमत किरकोळ. पण प्रोबसाठी वर्गणी काढलेली मी आजवर ऐकलेली नाही.

बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची मुलगी १,४०० ग्रॅमची जन्मली. एकोणीस दिवस पेटीत होती. मी रोज संध्याकाळी जायचो. कक्षाच्या दारावर देणगीदारांच्या नावांची पाटी होती, पितळी, घासूनपुसून चकचकीत. दारापलीकडे रात्रपाळीला एक सिस्टर आणि अकरा बाळं. अशा कक्षात एका पाळीत तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी, हे सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. त्या बाईंना मी एकोणीस दिवसांत एकदाही खुर्चीत बसलेलं पाहिलं नाही. एक यंत्र वाजायचं, त्या धावायच्या. तिथं पोचेपर्यंत दुसरं वाजायचं. पगार कंत्राटी, ऑर्डर अकरा महिन्यांची.

आणि दाराअलीकडे माझी भावजय. सिझेरियनचे टाके ओले, व्हरांड्यातल्या फरशीवर सतरंजी. दर दोन तासांनी उठायचं, भिंत धरत आत जायचं, वाटीत दूध काढून द्यायचं, परत येऊन आडवं व्हायचं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दादा, तिला गादी आहे, वर दिवा आहे. मला नुसती खाट मिळाली असती तर मी तिथंच बसले असते." तक्रारीचा सूरही नव्हता. खाट मागणं जास्त होतंय, असं तिला वाटत होतं.

मुलगी आता सातवीत आहे. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि पुढं कळलं की भावजय जे मागत होती ते औषधच होतं. नवजात बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, याला कांगारू पद्धत म्हणतात. ती निघाली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, १९७८ साली. डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या पुरत नव्हत्या, एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. त्यांनी बाळं आयांच्या छातीशी दिली. कितीतरी वर्षं हा गरिबांचा पर्याय मानला गेला. मग जागतिक आरोग्य संघटनेनं आफ्रिकेतले चार देश आणि भारत मिळून पाच ठिकाणी मोठी चाचणी घेतली. १ किलो ते १.८ किलो वजनाची बाळं. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे आधी स्थिर होईपर्यंत वॉर्मरवर, अर्ध्यांना जन्मल्या जन्मल्या आईच्या छातीशी. २०२१ मध्ये निकाल छापून आला. छातीशी ठेवलेल्यांत २८ दिवसांच्या आतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी.

पंचवीस टक्के. यासाठी काय लागलं? कक्षाच्या आत आईसाठी खाट. औषधं, ऑक्सिजन, सिस्टर हे सगळं होतंच. जास्तीचं काय, तर आईला आत घेणं. ज्या बाईला आपण व्हरांड्यात झोपवतो तिला आत घ्यायचं.

तेव्हा देणगीदारांनो, खाटा द्या. मागे रेलून बसता येईल अशा खुर्च्या द्या. पडदे द्या. आईच्या दोन वेळच्या गरम जेवणाचा वर्षाचा खर्च उचला. पोटात अन्न नसलेली बाई दर दोन तासांनी दूध कुठून काढणार?

दुधावरून शीव आठवलं. मुंबईच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या सायन हॉस्पिटलात, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली. धारावीतल्या बाया तिथं बाळंतपणाला येत. स्वतःच्या बाळाला पाजून उरलेलं दूध दुसऱ्या बाईच्या अशक्त बाळासाठी द्यायचं. ते तपासायचं, ठरावीक तापमानाला तापवून निर्जंतुक करायचं, गोठवून ठेवायचं. मुलांच्या रुग्णालयासाठी महाराष्ट्रात जमवलेला सगळ्यांत मोठा निधी कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी हा सांगेन. देणाऱ्या बायांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. पण पेढी चालते कशावर? फ्रीजवर, विजेवर, तंत्रज्ञावर आणि बाळंतिणीशेजारी बसून धीरानं समजावणाऱ्या बाईवर. रोज. पस्तीस वर्षांहून अधिक काळ.

रोज हा शब्द महत्त्वाचा आहे. आपली देणगी एका दिवसाची असते. रुग्णालय रोजचं असतं.

भंडाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ९ जानेवारी २०२१. रात्रीचे दीड-दोन. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात १७ बाळं होती. विजेच्या बिघाडातून आग लागली, खोली धुरानं भरली. ७ बाळं बाहेर काढता आली. १० गेली.

त्या कक्षात यंत्रं होती. यंत्रं नसल्यामुळे ती बाळं गेली नाहीत. नवजात कक्ष ही आगीच्या दृष्टीनं फार धोक्याची जागा. अर्धा डझन यंत्रं चोवीस तास तापलेली, हवेत ऑक्सिजन जास्त, गाद्या आणि नळ्या प्लॅस्टिकच्या, खिडक्या बंद, आणि आतला एकही जीव स्वतःहून कूसही वळू न शकणारा. अशा खोलीत आपण देणगीचा आणखी एक वॉर्मर आणून त्याच जुन्या प्लगला जोडतो तेव्हा वायरिंगला तो भार सोसेल का, हे कोण तपासतं? घरी एसी बसवताना आपण इलेक्ट्रिशियनला आधी मीटर दाखवतो. इथं हार आणि पेढे घेऊन जातो.

भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांची आगीच्या दृष्टीनं तपासणी करण्याचे आदेश निघाले. तपासणीत ज्या त्रुटी निघतात त्या दुरुस्त करायला पैसा लागतो, आणि आदेशाच्या कागदाला पैसा जोडलेला असतोच असं नाही. १५ नोव्हेंबर २०२४ ला झाशीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा तेच. नवजात कक्ष, रात्र, आग. त्या रात्रीच १० बाळं गेली. दहा आणि दहा.

धूर ओळखणारं यंत्र. दुसरं दार. भार पेलणारी वायर. स्टॅबिलायझर. याची वर्गणी काढा. फोटो निघणार नाही, नका काढू.

आता यंत्रांचा आकडा ऐका. केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानानं देशातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद केली. २९,११५ दवाखाने, साडेसात लाखांवर यंत्रं, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद होती. म्हणजे काही राज्यांत तीनांतलं एक. कुठं सुटा भाग नाही, कुठं दुरुस्तीचा करार संपला, कुठं चालवणारा बदलून गेला. यंत्र एकदा डेडस्टॉक रजिस्टरला चढलं की ते निर्लेखित होईपर्यंत कोपरा अडवून उभं राहतं. मागच्या मंडळाची पेटी कपड्याखाली झाकलेली असते आणि पुढचं मंडळ नवी घेऊन येतं. कावीळ उतरवायच्या निळ्या दिव्यांचंही तसंच. दिवा पेटलेला दिसतो, पण ठरावीक तासांच्या वापरानंतर त्याचा जोर उतरतो, कावीळ उतरत नाही. जोर मोजायचं छोटं उपकरण असतं. दिवे दिले त्यांनी ते दिलं का?

ऑक्सिजनही नुसता देऊन भागत नाही. कमी दिवसांच्या बाळाला तो जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. म्हणून बोटाला, खरं तर इवल्या पावलाला, सतत मोजणारं यंत्र हवं, आणि महिन्याच्या आत नेत्रतज्ज्ञानं येऊन पडदा तपासायला हवा. तालुक्याच्या ठिकाणी तो नेत्रतज्ज्ञ आणायचा गाडीखर्च कुणी उचलला, तर एखाद्या मुलाची दृष्टी त्या पेट्रोलवर वाचेल. मला याहून चांगलं दान सुचत नाही.

महाराष्ट्रात लहान मुलांचं मरण कधी येतं ते पाहा. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार जन्मलेल्या हजारामागे १६ मुलं पहिल्या वर्षात दगावली. त्या सोळांतली ११ पहिल्या २८ दिवसांत. म्हणजे लढाई पहिल्या महिन्याची आहे आणि त्यातली बरीचशी साध्या गोष्टींवर लढली जाते. ऊब, दूध, स्वच्छ हात, वेळेवर ओळखलेला जंतुसंसर्ग. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हे गडचिरोलीत दाखवून दिलं. गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरोघर जाऊन बाळ तपासू लागल्या, श्वास मोजू लागल्या, संसर्ग दिसला तर उपचार करू लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. त्या बाईच्या खांद्यावरच्या पिशवीत काचेची पेटी मावत नव्हती. शिकवण मावत होती, आणि शिकवणीला पैसे लागतात, दर वर्षी लागतात.

इथं कुणीतरी म्हणेल, सिस्टरचा पगार, वायरिंग, ऑक्सिजन ही सरकारची कामं, आम्ही का द्यायचं? बरोबर आहे. म्हणून तर नुसती पावती फाडून गप्प बसू नका. पैसे देणाऱ्याचा आवाज ऐकला जातो, तो वापरा.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि गाडी मोफत आहेत. आधी हे महिनाभरापुरतं होतं, पुढं वर्षाच्या बाळापर्यंत वाढवलं. तरीही बापाच्या हातात "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी पडते. तो बाप कर्ज काढतो. त्या औषधासाठी वर्गणी काढायच्या आधी विचारा, चिठ्ठी का निघाली? साठा का संपला? प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे खर्चाला निधी असतो. तिची बैठक शेवटची कधी झाली ते विचारा.

गावातल्या धर्मादाय रुग्णालयालाही विचारा. मुंबई उच्च न्यायालयानं घालून दिलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत बाजूला काढायची असते. हा कायद्यानं जमणारा निधी आहे. यासाठी कुणा मुलानं उन्हात पेटी घेऊन फिरायची गरज नाही. किती आयाबापांना हे माहीत आहे? ज्यांना माहीत आहे त्यांनी आजच शेजाऱ्याला सांगावं.

देणगी आणि सरकार यांचं नातं बघायचं तर मुंबईत परळला जा. गिरणगावातल्या मुलांसाठी वाडिया कुटुंबानं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय उभं केलं, १९२९ मध्ये. दान केवढं मोठं! आजही लांबलांबून आयाबाप कडेवर मूल घेऊन तिथं येतात. पण रोजचा खर्च महापालिकेच्या आणि राज्याच्या अनुदानावर. ते अनुदान थकलं आणि जानेवारी २०२० मध्ये रुग्णालय बंद पडायची वेळ आली. कर्मचारी रस्त्यावर उतरले, आयाबाप उतरले. पुतळे उभारायला पैसे आहेत आणि मुलांच्या रुग्णालयाला नाहीत का, असा जाब उच्च न्यायालयानं सरकारला विचारला, तेव्हा पैसे सुटले. नव्वद वर्षांपूर्वीचं दान भिंती होऊन खंबीर उभं होतं. अडलं होतं या महिन्याचं बिल.

गोरखपूरच्या सरकारी रुग्णालयातही अडलं ते बिलच. ऑगस्ट २०१७. ऑक्सिजन पुरवणाऱ्याचे पैसे थकले, पुरवठा तुटला, आणि त्या दिवसांत साठहून अधिक मुलं दगावली. मृत्यूंच्या कारणावरून वाद झाला. बिल थकलं होतं, यावर वाद नव्हता. नांदेडचं शासकीय रुग्णालय तर आपलंच. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. औषधांची टंचाई, माणसांची टंचाई, कक्षात जागेपेक्षा जास्त बाळं. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

रोजचं देणारी माणसं आहेतच. परळच्या शेजारी लालबागला गणपतीचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं. उत्सव दहा दिवसांचा. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, वर्षभर येतो. मुंबईच्या केईएम, नायर, सायन रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स फंड आहे. तिथली समाजसेवा विभागाची ताई बापाचं रेशनकार्ड बघते, दोन प्रश्न विचारते आणि त्याच दिवशी औषध मिळवून देते. तिथं टाकलेले शंभर रुपये कुणाच्या नावानं ओळखले जात नाहीत. वेळेवर मात्र पोचतात.

हे सगळं मी त्या चार मुलांना सांगितलं नाही. एवढं ऐकत कोण बसणार, त्यांना अजून तीन गल्ल्या करायच्या होत्या. फक्त विचारलं, वॉर्डात आत जाऊन कुणी बघून आलंय का? धाकटी म्हणाली, "मी. माझा भाऊ होता तिथं."

"काय नव्हतं तिथं?"

तिनं जराही विचार केला नाही. "हात धुवायचा नळ. होता, पण त्याला पाणी नव्हतं. सिस्टर बादलीतून तांब्यानं घ्यायच्या. आणि आई जिन्यात झोपायची."

हात. नवजात कक्षातला जंतुसंसर्ग बाळापर्यंत बहुतेक वेळा हातांवरूनच पोचतो. वाहतं पाणी, साबण आणि कोपरानं उघडणारा नळ. यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. आणि पाचवीतल्या मुलीनं ते एकदा आत जाऊन ओळखलं होतं.

मोठ्या मुलानं पावतीपुस्तक उघडलं. नाव, रक्कम, आणि खाली 'कशासाठी' अशी ओळ होती; तिथं आधीच छापलं होतं 'काचेची पेटी'. मी त्याला ते खोडायला सांगितलं. तो थबकला, ज्यांनी पाठवलं त्या सरांना विचारावं लागेल म्हणाला. मग धाकटीनं पेन घेतलं, छापील अक्षरांवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं: कोपराचे नळ २, पाण्याची टाकी, आयांच्या खाटा. जागा संपली, तेव्हा पावती उलटी करून तिनं मागे लिहायला घेतलं.